मिहूचे मवाली आणि केरीची क्वीन

काजूच्या दिवसांत बागेत नुसतं पाय मोकळे करायला गेलं तरी ओटीत चार बिया येतातच. वेचायला म्हणून गेलेलो नसतो, पण वाटेत दिसतात, टाकवत नाहीत. आमच्या ग्रुपचे किस्से तसे. फोन मला रोज सांगतो, स्टोरेज फुल. मी म्हणते, तुझं झालं असेल बाबा, माझ्या ओटीत अजून जागा आहे.

ग्रुप म्हणजे 'मिहूचे मवाली'. मिहू ही गाणारी पोर. अर्धे केस काळे, अर्धे जांभळे, आणि गाताना अशी बघते की जणू समोरच्याने तिचं काहीतरी घेतलंय. मी गुडघ्याच्या तेलाचा व्हिडिओ शोधत होते आणि मध्येच ती लागली. मी लावली नाही हां, ती लागली. मग तेल राहिलं बाजूला. दुसऱ्या दिवशी फोन आपणहून मला ग्रुप दाखवायला लागला.

ग्रुपात घेण्याआधी तीन प्रश्न विचारतात. आवडतं गाणं कोणतं, मिहू कधीपासून आवडते, वय किती. मी एका बोटाने सगळं खरं लिहिलं. वय एकाहत्तर. नाव मात्र लिहिलं 'केरीची क्वीन', केरी म्हणजे आमचा गाव, आणि फोटो लावला आमच्या बोक्याचा.

ग्रुपची अ‍ॅडमिन तन्वी. डिचोलीच्या बाजारात तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिने माझं उत्तर सगळ्यांना दाखवलं. हसून रडणाऱ्या तोंडांची नुसती रांग लागली. "काय भारी पोरगी आहे ही! घ्या हिला आत!"

खरं बोलून जर लोक असे फसत असतील, तर खोटं बोलायचे कष्ट कोण घेणार?

*

मिहूचे दुश्मन म्हणजे रोबूवाले. रोबू हा दुसरा गायक. काळा चष्मा घालून अंघोळसुद्धा करत असेल. त्याची माणसं आमच्याकडे येऊन घाण लिहून जातात, आमची त्यांच्याकडे जातात. जत्रेला आल्यागेल्यासारखं चालतं.

त्यांच्यातला एक सागर. रोज यायचा आणि लिहायचा, तुमची मिहू मांजरासारखी ओरडते. आमची पोरं त्याला शिव्या द्यायची, मग तो दुप्पट खुश. मी फक्त विचारलं, "जेवलास?"

तो म्हणाला, विषय बदलू नको. मी म्हटलं, बदलत नाही, जेवलास का तेवढं सांग. तीन दिवस मी दुसरं काही लिहिलंच नाही. चौथ्या दिवशी कबूल झाला. पेडण्याला भाड्याच्या खोलीत राहतो, कारखान्यात कामाला, रोज नूडल्स खातो.

मग मी त्याला सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किस्मूर सांगितली. सुंगटं भाज, कांदा, खोबरं, आंबट घाल, झालं. पण मिहूला मांजर म्हणतो म्हणून मिरच्या मुद्दाम दुप्पट सांगितल्या. म्हटलं, आता बघूया कोण ओरडतो मांजरासारखं.

दुपारी त्याचा मेसेज आला. "मस्त झाली ताई. पण जरा सपक वाटली. आमच्या कोल्हापुरात एवढं तिखट लहान पोरांना घालतात."

पहिल्यांदाच माझा डाव उलटला. पण सागर त्या दिवसापासून आमच्यात आला. रोबूला विचारायला गेलात तर तो म्हणेल, मिहूमुळे गेला. सुंगटांमुळे गेला.

*

नवीन गाणं आलं की पहिल्या दिवशी जितकं वाजेल तितकं ते वर चढतं. तन्वीने हुकूम सोडला, घरातले सगळे फोन कामाला लावा. माझ्या घरात माझा एक. माझा मुलगा, झील उमेश, त्याचा फोन छातीशी घेऊन झोपतो, सून तिचा पिठाच्या डब्यावर ठेवते. दोघांना विचारण्यात अर्थ नव्हता.

पण चवथ, म्हणजे गणपती, जवळ आली होती आणि दुपारी फुगडीची तालीम असायची. नऊ बायका, नऊ फोन. मी सूप घेतलं आणि प्रत्येकीचा फोन त्यात घातला. सगळ्यांवर मिहू लावली, आवाज बारीक. आम्ही इकडे फुगडी घालतोय, तिकडे सुपात मिहू नऊ तोंडांनी गातेय.

मध्येच शेवंतीचा फोन वाजला. शेवंती म्हणजे बाबल गावकाराची बायको, आणि बाबल म्हणजे गावातला मोठा माणूस, देवळाच्या कमिटीवरचा. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, म्हणून मी अरेतुरे करते. फोन आला की गाणं थांबतं. मी कापला आणि पहिल्यापासून लावलं. त्याने परत केला. परत कापला. तिसऱ्यांदा उचलला.

"चाय कोण करतलो?" तो विचारत होता.

"बाबल्या, तुझ्या बायलेचो फोन पाच वाजेसर कामाक लागलोहा. चाय तुझी तू कर."

त्याने केला. शेवंती सांगते, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. साखर घालायला विसरला, पण केला. तेव्हापासून बाबल माझ्यावर टपून आहे. बायका मात्र दर नवीन गाण्याला सूप कुठे आहे म्हणून विचारतात.

*

मग तन्वीने ठरवलं, सगळ्यांनी एकदा डिचोलीला भेटायचं. अंगावर जांभळं काहीतरी पाहिजे. माझं नऊवारी जांभळं लुगडं होतंच. उमेशला सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते. तीन बसेस बदलून गेले, आणि कोल्ड्रिंक हाऊसमध्ये त्यांच्या बाजूच्याच मेजाशी बसले.

पंधरा-वीस पोरं जांभळी जांभळी. सगळी माझीच वाट बघत होती. एक म्हणतो, क्वीन उंच असणार. दुसरा म्हणतो, नाही, बारीक आणि भांडखोर. त्यांच्यात दत्ता होता, सुर्ल्याचा, खाणीवर ट्रक चालवतो. ट्रकच्या पुढच्या काचेवर एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला मिहू. त्याने मला बघितलं आणि मोठ्या मायेने सांगितलं, आजी, बसस्टँड त्या बाजूला, तुम्ही चुकलात वाटतं.

मी मान हलवली. पदराखाली फोन घेतला आणि ग्रुपवर लिहिलं, "दत्ता, शर्टाचं वरचं बटण लाव. छातीवर केस नाहीत, कोणाला दाखवतोस?"

सगळ्यांचे फोन एकदम वाजले. दत्ताचा हात बटणावर गेला. पोरं उठून रस्त्यावर बघायला लागली, गाड्यांच्या मागे, समोरच्या गॅलरीत. मी परत लिहिलं, "तन्वी, तुझा लिंबूसोडा गरम होतोय."

तन्वी हुशार. ती हळूच वळली. माझं लुगडं बघितलं, हातातला फोन बघितला.

"आजी… तुम्ही?"

"वय विचारलंत तेव्हा सांगितलं होतं," मी म्हटलं.

दत्ताने उठून मला पंख्याखालची खुर्ची दिली. त्यानंतर आजतागायत तो ग्रुपवर काही लिहिण्याआधी माझी परवानगी घेतो, आणि मी कधी देत नाही.

*

मग मिहूचा आवाज बसला. गळ्याचं काहीतरी निघालं, ऑपरेशन ठरलं, कार्यक्रम बंद. रोबूवाले नाचायला लागले, संपली म्हणून. आमची पोरं तुटलेली बदामं पाठवून रडत बसली. मला राग आला. बदामाने गळा बरा होतो का कधी?

आमच्या पेडण्याकडे काही वाईट आलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने सांगायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते पुरुष घालतात, गावकार नाहीतर गुरव. एकाहत्तर वर्षं मी मागे उभी राहून 'व्हय म्हाराजा' म्हटलं. त्या दिवशी म्हटलं, पुढचं मी म्हणणार. आवाजी मेसेजचं बटण दाबलं.

"बा देवा म्हाराजा! आज ही लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत, म्हाराजा. आमच्या चेडवाचो गळो बसलोहा, तो होतो तसो परत दी, म्हाराजा. जे कोण तिच्या वायटावर आसात, त्यांची नजर त्यांच्याच पायांवर घाल, म्हाराजा. त्या रोबूचोय गळो बरो रवानदे, पण आमच्या चेडवापेक्षा मातसो कमी, म्हाराजा!"

दत्ताने पहिलं लिहिलं, व्हय म्हाराजा. मग तन्वीने. मग खाली नुसतं तेच, कोल्हापूरहून, बेळगावहून, कुठून कुठून. सागरने मला एकटीला विचारलं, ताई, हे मी चाळीस वेळा लिहिलंय, म्हणजे नक्की काय? मी म्हटलं, अजून दहा वेळा लिही, मग सांगते.

तन्वीने ते सगळीकडे टाकलं. चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. ज्या पोरीला बोलायची बंदी होती, तिने हॉस्पिटलातून दोनच शब्द लिहिले. कोणते ते सांगायला नको.

*

पण ते फिरत फिरत बाबल गावकाराच्या फोनवरही आलं. तो आमच्या खळ्यात येऊन उभा राहिला आणि उमेशला म्हणाला, तुझ्या आवशीन देवाचो खेळ मांडल्यान. बायल मनशान गाऱ्हाणां घालूचा, ता पण फोनार, ता पण केस रंगवलेल्या चेडवासाठी!

उमेश वाईट नाही हो. फक्त चार लोकांत मान खाली गेली की त्याला ताप येतो. बाबल गेल्यावर म्हणाला, "आये, गावात तोंड दाखवूक जागा नाय उरली. तो ग्रुप सोड. फोन माझ्याकडे दी."

मी दिला नाही. म्हटलं, "ह्या घरात मी जेवलंय काय, गोळी घेतलंय काय, सगळे इचारतत. माका काय वाटला, ता कोण इचारीत नाय. थंय इचारतत. नाय सोडूचंय."

दोन दिवस दोघांनी एकमेकांशी सुनेमार्फत बोलून काढले. तिसऱ्या दिवशी म्हणाला, देवाक विचारूया, तो सांगत तसा. त्याला वाटलं मी घाबरेन. मी म्हटलं, चल. पण खरं सांगते, घाबरले होतेच. माणसांशी मी भांडते. देवाने सोड म्हटलं असतं तर सोडावा लागला असता. पोरांना काय सांगितलं असतं?

आमच्याकडे प्रसाद लावतात तो असा. गुरव देवाच्या अंगावर फुलांच्या कळ्या ओल्या करून चिकटवतो, काही उजवीकडे, काही डावीकडे. मग प्रश्न घालतो. उजवी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही. बाबल आधीच येऊन खांबाला टेकला होता. पांडू गुरवाने उमेशला विचारून प्रश्न घातला, ह्या सुलू म्हातारीन फोनावरचो ग्रुप सोडचो अशी तुझी इच्छा आसात तर उजवी दी, म्हाराजा.

आम्ही थांबलो. कळी काही पडेना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाबलने घड्याळ बघितलं. मागे आणखी दोघं आपापले प्रश्न घेऊन ताटकळत उभे होते. मी देवाकडे बघत होते, देव माझ्याकडे. कोणीच काही कबूल करत नव्हतं.

मी म्हटलं, "पांडू, देव इचार करता तवसर माझो एक प्रश्न घाल."

उमेश म्हणाला, कसलो प्रश्न?

आता उमेशचं तुम्हाला माहीत नाही. दर शनिवारी संध्याकाळी तो लाल बनियन घालतो, परदेशातल्या कुठल्या तरी टीमचं, आणि टीव्हीसमोर असा ओरडतो की गोठ्यातली म्हैस दूध चढवते. त्या टीमच्या एकाही माणसाचं नाव त्याला धड म्हणता येत नाही. हरले की जेवत नाही. बाबल त्याच्या बाजूलाच बसलेला असतो, तसलंच बनियन घालून.

"घाल," मी पांडूला म्हटलं. "माझ्या झिलान टीव्हीवरचो फुटबॉल सोडचो, अशी तुझी इच्छा आसात तर उजवी दी, म्हाराजा."

पांडूने एकदा उमेशकडे बघितलं, एकदा बाबलकडे. मग डोळे मिटले आणि घातला.

बाबल खांब सोडून सरळ उभा राहिला. उमेशची नजर उजव्या बाजूच्या कळीवर, आणि ती कळी जराशी हलली.

"आये," तो म्हणाला, "चल घरा. देवाक किती म्हणान त्रास दिवचो."

"पण प्रसाद?"

"चल म्हणतंय मगे!"

आम्ही बाहेर आलो. बाबल आमच्याही पुढे होता. पायरीवर चपला शोधत होतो, तेवढ्यात आतून पांडू ओरडला.

"सुलूमाय! उमेश! पडली रे! उजवी!"

उमेशने माझ्याकडे बघितलं, मी उमेशकडे. कुठल्या प्रश्नाची, ते दोघांनीही विचारलं नाही. मग दोघांनीही चपला पायात न घालता हातात घेतल्या आणि चालायला लागलो.