पिवयी गोयी

जळगावात मेडिकल चालवायला फार अक्कल लागत नाही. पंचवीस वर्षं चालवलंय, म्हणून सांगतो. गिऱ्हाईक येतं, काउंटरवर कोपर टेकवतं आणि म्हणतं, "भाऊ, ताकदीचं काहीतरी द्या."

"कशासाठी?"

"ताकदीसाठी."

याच्या पुढे बोलणं जात नाही. मग मी सोनेरी झाकणाची बाटली काढून देतो. बाटलीवर उधळलेला घोडा असतो. तो पाहूनच माणसाला बरं वाटायला लागतं.

मेहरूण तलावाला रोज फेऱ्या मारणारे एक निवृत्त साहेब आहेत. मुलाने परदेशातून पाठवलेली गोळ्यांची बाटली ते काउंटरवर ठेवतात आणि लेबल मला मोठ्याने वाचून दाखवतात. लोह आहे, जस्त आहे, सेलेनियम आहे. सेलेनियम कशाला लागतं, हे त्यांना माहीत नाही. शेजाऱ्याच्या बाटलीत ते नाही, एवढं पक्कं माहीत आहे. दुसऱ्या एक बाई लोहाची गोळी वाफाळत्या चहाबरोबर घेतात आणि महिनाभराने मला विचारतात, रक्त का वाढत नाही? तो चहाच लोह अंगी लागू देत नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आणि डोक्यापासून हनुवटीपर्यंत स्कार्फ गुंडाळून, हातमोजे घालून फिरणाऱ्या पोरी जळगावच्या उन्हात 'ड' जीवनसत्त्वाची पाकिटं मागतात, तेव्हा मी हसू दाबून बिल करतो.

या सगळ्यांना मी मनात मूर्ख म्हणत आलो. समजावलं कुणालाच नाही. समजावायला पाच मिनिटं लागतात आणि मागे माणसं उभी असतात.

गोष्ट तशी साधी आहे. जीवनसत्त्वं आणि खनिजं ताकद देत नाहीत. ताकद ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीतून येते. पण त्या भाकरीचं रक्त करायचं, हाड करायचं, नसांवरचं वेष्टण शाबूत ठेवायचं, तर ही चिमूटभर द्रव्यं लागतात. चिमूटभरच. एखादं संपलं की बाकीची कितीही ओता, ते काम अडून बसतं. हे मला धुळ्यात डी. फार्म. करताना शिकवलं होतं.

त्या दोन वर्षांत माझा डबा चोपड्याहून एस.टी.ने यायचा. अक्का, माझी थोरली बहीण, भल्या पहाटे भाकऱ्या थापून मळ्यातल्या घरापासून स्टँडपर्यंत चालत यायची आणि डबा कंडक्टरच्या हाती द्यायची. रोज. केळीच्या बागेतला चिखल, नाल्यावरची फरशी, मग डांबरी रस्ता. तिच्या पायांबद्दल मी जे पुढे सांगणार आहे, ते हे लक्षात ठेवून वाचावं.

अक्काचं घर माळकरी. अंडं-मांस नाहीच. दूधही बठ्ठं, म्हणजे सगळं, डेअरीला, चहात पडेल तेवढंच घरात. सहा वर्षांपूर्वी तिला धाप लागायला लागली, चेहरा पांढरा पडला, पायांना मुंग्या यायच्या. चोपड्याच्या डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. एक लाल, लोहाची. एक पिवळी, बी कॉम्प्लेक्सची, तिच्यात बी-१२ भरपूर. दोन्ही बरेच महिने घ्यायच्या, असं बजावलं.

आठवड्याभरात तिचा फोन आला. दुपार होती, काउंटरवर गर्दी.

"भाऊ, ती पिवयी गोयी खादी का लघवी पिवयीजरद व्हस. उष्णता व्हयी गयी वाटस माले. काय करू?"

आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो. शहरात आल्यावर मी तो सोडला आणि अक्काच्या तोंडून ऐकला की अंग चोरू लागलो. फोन स्पीकरवर होता. समोरचा एम.आर., औषध कंपनीचा माणूस, ओठ दाबून हसत होता.

लघवी पिवळी होते ती त्या गोळीतल्या एका जीवनसत्त्वामुळे. ते रंगानेच पिवळं असतं. जास्तीचं झालं की शरीर बाहेर टाकतं. उष्णतेचा काही संबंध नाही. हे मला ठाऊक होतं. पण आमच्या भागात लघवी पिवळी म्हणजे उष्णता, हे प्रत्येकाने आईच्या मांडीवर ऐकलेलं असतं. ते तिच्या डोक्यातून काढायला पाच मिनिटं लागली असती. त्या पाच मिनिटांत ती आणखी दहा वेळा 'गोयी' म्हणाली असती.

मी म्हणालो, "मग नको घेऊस ती. लाल चालू ठेव." आणि फोन ठेवला.

तिने ऐकलं. माझ्यावर तिचा डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास. भाऊ मेडिकलवाला शे, असं ती गावभर सांगायची.

भाऊबीजेला ओवाळताना तिच्या गालांवर लाली होती. मीच म्हणालो, "पाहा अक्का, लाल गोळीची कमाल!" तिने पायांचं पुन्हा सांगितलं. मी खिशातून काढून कॅल्शियमची स्ट्रिप दिली आणि चोळायला तेल दिलं. माझ्या दुकानातल्या घोड्याच्या बाटलीइतकाच त्याचा उपयोग.

लाल गोळीत लोहाबरोबर फॉलिक ॲसिड असतं. त्याने रक्त सुधारतं, चेहरा सुधारतो. बी-१२ची उणीव मात्र आत नसा कुरतडत राहते, आणि चेहरा छान दिसतो म्हणून कुणाला शंका येत नाही. हा प्रश्न मला परीक्षेत आला होता. मी उत्तर बरोबर लिहिलं होतं.

पुढच्या वैशाखात अक्का जळगावला आली. रिक्षा न करता स्टँडपासून दुकानापर्यंत चालत. काउंटरसमोर उभी राहिली तेव्हा तिच्या एका पायात चप्पल होती.

"अक्का, दुसरी कुठेय?"

तिने खाली पाहिलं. "आरे, एकच शे!" म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. गिऱ्हाइकंही हसली. मी तिला स्टुलावर बसवलं, पाय उचलून पाहिला. तळव्यावर मोठाले फोड आले होते. एक फुटून त्यात खडी रुतली होती. मी चिमट्याने खडी काढली. अक्का तेव्हा सोनेरी झाकणाच्या बाटलीवरचा घोडा पाहत होती. तिला काही कळलंच नाही.

मग तपासणी झाली, इंजेक्शनं झाली. डॉक्टर म्हणाले, थोडं परत येईल, सगळं नाही, उशीर झालाय. मग त्यांनी जुनी चिठ्ठी पाहून विचारलं, "पिवळी गोळी बंद कुणी केली?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

"मीच करी टाकी, साहेब," अक्का म्हणाली. "माले उष्णता व्हये."

डॉक्टर तिच्यावर रागावले. अडाणीपणा म्हणाले. मी मान डोलावली. हो, डोलावली. ज्या माणसांना मी आयुष्यभर काउंटरपलीकडून हसलो, त्यांच्यातल्या एकानेही इतकं हलकं काम केलेलं मी पाहिलेलं नाही.

पाच वर्षं हे पोटात ठेवलं. गेल्या महिन्यात चोपड्याला गेलो, ओट्यावर तिच्याशेजारी बसलो आणि सांगून टाकलं. की मला माहीत होतं. विसरलो नव्हतो, चुकलो नव्हतो; माहीत असून म्हणालो. तुझ्या बोलण्याची लाज वाटली म्हणून.

अक्का गवारीच्या शेंगा मोडत होती. हात थांबला नाही.

"गोयीनी गोष्ट माले नवीन शे," ती म्हणाली. "लाजनी मालूम व्हती. स्पीकर चालू शे ते फोनमा ऐकू येस रे, येड्या."

तिने शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि पाय पुढे केला. ती आता शाळकरी पोरांसारख्या मागून पट्ट्याच्या चपला वापरते. साध्या चपला पायातून कधी निसटतात, तिला समजत नाही. "चाल, केयीना मया दखाडस तुले. बाग यंदा चांगली शे. पट्टा बांधी दे."

मी खाली बसून पट्टा बांधला. घट्ट नको म्हणून सैल केला, सैल वाटला म्हणून पुन्हा आवळला. मग हात काढून घेतले आणि तसाच बसून राहिलो.

अक्का वरून वाट पाहत होती.

"बांधाई गया का?" तिने विचारलं.