रेहानाची जर्मनी

२०२२ सालचा उन्हाळा, एप्रिलअखेर. आमच्या शेडचे पत्रे तापून खाली उभं राहवत नव्हतं. लोखंड कातायच्या लेथखाली कीस साठतो, तसे चाळीस वर्षांत किस्से साठले. कीस भंगारवाला तरी नेतो. किस्से आपल्याकडेच राहतात.

शेडमध्ये आम्ही तिघं. मालक, मी आणि रजाक. मोठा लेथ जर्मन, वयानं माझ्याहून थोरला. रजाकची बायको लवकर गेली. पोर रेहाना त्याच लेथवर हात बसवून इंजिनियर झाली. त्या एप्रिलात ती म्हणाली, पुढचं जर्मनीत शिकणार.

मालकांनी विचारलं, "तिकडं कोण हाय तुमचं?"

तिनं लेथवर हात ठेवला. "ह्याचं घर हाय की."

मालक हसले. मी हसलो नाही. माझं शिक्षण चौथी, पण माणूस कधी हसण्यावारी बोलत नाही ते कळतं.

*

ती जर्मन शिकली. लेथचं तेलकट जुनं जर्मन पुस्तक कपाटात होतं, ते तिनं वाचून काढलं. लेथ चालू असतानाच गिअरचा दांडा ओढायची आमची पद्धत. लेथ करकरायचा, आम्ही त्याला शिव्या द्यायचो. पुस्तकात लिहिलं होतं, आधी थांबवा, मग ओढा.

मी म्हणालो, "एवढं दुखत हुतं तर चाळीस वर्षं बोलला का न्हाई?"

"बोलत हुता की काका. जर्मनमधनं."

*

तिनं तिकडच्या कॉलेजच्या अर्जात लेथविषयी लिहिलं होतं. तिथल्या प्रोफेसरांनी व्हिडिओवर तो दाखवायला सांगितला. लेथवर तो बनवणाऱ्या कंपनीची पितळी पाटी होती, ती त्यांना बघायची होती. पाहुणे बघणार म्हणून मालकांनी आदल्या दिवशी लेथला हिरवा ऑइलपेंट मारला, दर खंडेनवमीला मारतो तसा. पाटीसकट. वर झेंडूचा हार. रजाकनं नेहमीसारखा नारळ फोडला.

प्रोफेसरांनी विचारलं, आज याचा वाढदिवस आहे का?

रेहानानं ब्लेड घेतलं आणि त्यांच्यासमोर पाटी खरवडत बसली. अक्षरं दिसेपर्यंत तो माणूस बघत होता. महिन्यात प्रवेशाचं पत्र आलं.

*

मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीत विचारलं, शिकून परत येणार का? बाकीची पोरं येणार म्हणतात. ही म्हणाली, ते आत्ताच कसं सांगू, मला तो देश आपला वाटतो.

व्हिसा नाकारला.

रजाक सुटी होताना म्हणाला, "खरं बोलायला मीच शिकवलं. चूक माझी."

*

दोन वर्षांनी पुन्हा अर्ज केला, तेव्हा व्हिसा मिळाला. त्याच आठवड्यात रजाक लेथपाशीच पडला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. रेहानानं पासपोर्ट ट्रंकेत टाकला आणि बापाला भरवायला बसली.

मी त्यांच्या घरी गेलो. विचारलं, "विमान कधी हाय?"

"अब्बांची कूस कोण बदलणार, काका?"

"मी हाय."

"तुम्हाला जमायचं न्हाई."

खरं होतं. मी घरात स्वतःचं ताटसुद्धा कधी उचललं नव्हतं. "दाखव, कसं करायचं," म्हणालो. तिनं चार दिवस शिकवलं. पाचव्या दिवशी गेली.

*

मी रजाकच्या घरीच राहायला गेलो. आंघोळ घातली, भरवलं, संडासाचं भांडं उचललं. गल्लीतली माणसं दारात उभी राहून बघायची. बघू दे.

एक गोष्ट आम्ही दोघांनी कधी काढली नव्हती. तरुणपणी माझी बाही लेथच्या फिरत्या चकात अडकली. रजाकनं हात घालून मला ओढून काढलं. माझा हात वाचला. त्याची दोन बोटं गेली.

अकराव्या महिन्यात रेहानाचा फोन आला. पहिल्या वर्षात पास झाली होती. मी फोन रजाकच्या तोंडासमोर धरला. ती बोलत राहिली, तो बघत राहिला. फोन बंद झाल्यावर त्यानं तीन बोटांचा हात उचलला. माझी बाही कोपरापर्यंत वर सारली. हातावरून एकदा बोटं फिरवली.

जीभ जड होती, पण शब्द मला कळला.

"फिटलं."