आत्यांची राहिलेली भाकरी

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, पोरींपाशीही नाही. आज का सांगतेय — ते मलाही नीट कळत नाही.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नवऱ्याची नव्या कचेरीत बदली झाली, म्हणून मुखेड सोडून आम्ही दोन खोल्यांत आलो — तो, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे. त्यांना साखरेचा आजार. रोज सकाळी इन्सुलिनची सुई मीच द्यायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं — सुई दिली की लगेच जेवण, उशीर नको.

त्या साली पाऊस नव्हता. टँकर येईल तेव्हा पाणी. त्या सकाळी आत्या शेजारणीसमोर मला बोलल्या, "पाणी कसं वापरावं एवढंसुदिक कळत न्हाई हिला." मी सुई दिली. तेवढ्यात टँकर आला. भाकरी टाकायची तशीच राहिली.

पाणी भरून झालं — आणि मी घरात गेले नाही. बाहेर पायरीवर बसून राहिले. विसरले होते का? नाही. राहू दे जरा उपाशी, असं मनात होतं.

आतून आत्या अडखळत काहीबाही बडबडत होत्या. मला वाटलं, शिव्या देतायत. बडबड थांबली तेव्हा उठून आत गेले. आत्यांचं लुगडं घामानं भिजलेलं, डोळे फिरलेले.

दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं, तेव्हा शुद्ध आली. डॉक्टर म्हणाले, सुई घेऊन जेवल्या नाहीत, साखर उतरली. नवऱ्यानं विचारलं, "जेवाया दिलं होतंस ना?"

"दिलं होतं. त्यांनीच ठेवून दिलं."

आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. "दिलं होतंस का गं? मला आठवंना गेलंय."

"हाव. दिलं होतं."

त्या दिवसापासून त्यांचा स्वतःवरचा भरवसा उडाला. नवऱ्यानं त्यांचं एकटीनं कुठं जाणं बंद केलं, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला मला घरात बसवलं. दोन खोल्या, आम्ही दोघी. जेवून हात धुतला की विचारायच्या, "मी जेवले का गं?" किती वेळा ओठांवर आलं — आत्या, तुमचं डोकं ठिकाणावर हाय! पण मग एवढे दिवस गप्प का होतीस, याला काय उत्तर देणार होते मी?

मुखेडची त्यांची बहीण वारली. वाटेत सुईचा, जेवणाचा घोळ नको म्हणून नवऱ्यानं त्यांना नेलं नाही. आत्या भांडल्या नाहीत. "माझंच डोकं गेलंय," म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून पडल्या.

मी त्यांच्या पायाशी बसून होते. तेव्हाही बोलले नाही.