आजीच्या नावापुढे आठवा महिना

अक्काचा फॉर्म पहिल्यांदा कोरा झाला, तेव्हा ती मला काही बोललीच नाही. आपलंच बोट चुकलं असं तिला वाटलं. ती माझी थोरली बहीण. लग्न होऊन गुंदला गेली आणि तिथल्या वाड्यांवर घरोघर फिरून बायकांच्या तब्येती नोंदवण्याचं काम करू लागली. मी नंदिगड्ड्याला आईवडिलांकडे राहून एका संस्थेसाठी वेबसाइटी बनवते. अक्का ज्या फॉर्मवर नोंदी करायची, तो मीच लिहिलेला होता.

चौथ्यांदा तसं झालं तेव्हा ती सणाला घरी आली होती. फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, "हे बघ. मधी फोन आला, बोलून परत आले तर समदं गेलंय. चाळीस प्रश्न! त्या बाईला परत काय इचारू? ती म्हणती, आत्ताच सांगितलं न्हवं!"

मला कारण माहीत होतं. स्वस्त फोनात जागा कमी पडली की ब्राउझर मागे राहिलेलं पान मारून टाकतो, आणि परत गेलं की ते नव्याने, कोरं उघडतं. कुठल्या खान्यात काय लिहिलं होतं, आपण कुठवर आलो होतो, याला आमच्या कामात स्टेट म्हणतात. ती जपून ठेवायची आणि पान उघडताच जागच्या जागी भरायची, हे फॉर्म लिहिणाऱ्याचं काम. ते मी 'नंतर बघू' म्हणून यादीच्या तळाला टाकलं होतं. माझ्या लॅपटॉपवर पान कधी मरतच नव्हतं.

मग दोन दिवसांत घाईने केलं. मी वापरत होते ते फ्रेमवर्क, म्हणजे पान बांधायचा तयार सांगाडा, यादीतल्या प्रत्येक घराला क्रमाने आकडा देतं, पहिलं, दुसरं, तिसरं. त्याच आकड्याखाली मी उत्तरं फोनात साठवली. चार घरांची यादी घेऊन तपासलं. पान बंद केलं, उघडलं, उत्तरं परत आली. अक्काला दाखवलं तर ती फोन छातीशी धरून हसली. "आता ऱ्हातंय बघ!"

मळणीच्या दिवसांत एका सकाळी तिचा फोन आला. गुंदला रेंज येऊन-जाऊन असते, नीट बोलायला रस्त्याच्या वळणापर्यंत चढून यावं लागतं. तिला धाप लागली होती.

"अगं, गाडी का आली न्हाई?"

"कुठली गाडी?"

"परवा एकीचं बीपी लय वाढलेलं लिहिलं मी. आठवा म्हैना हाय तिला, पाय सुजल्यात. नर्सबाई बघून गाडी पाठवत्यात न्हवं? मी तिला सांगून आले, उद्या गाडी येईल, घरीच ऱ्हा. आज जाऊन बघते तर डोकं धरून बसलीया. डोळ्यापुढं अंधारी येती म्हणती."

मी नर्सबाईंना दिसणारी धोक्याच्या गरोदर बायकांची यादी उघडली. गुंदचं कुणीच नव्हतं. मग गुंदची घरं उघडली. त्या बाईच्या नावापुढे काहीच नव्हतं, सगळे खाने रिकामे. यादीत तिच्या वरचं घर सत्तरीच्या एका आजीचं. तिच्या नावापुढे लिहिलं होतं, गरोदर, आठवा महिना, आणि खाली तो रक्तदाबाचा आकडा. पन्नाशीच्या पुढच्या बायका धोक्याच्या यादीत घ्यायच्या नाहीत, ही अटसुद्धा मीच घातली होती.

काय झालं ते मला तिथल्या तिथे कळलं. अक्का लिहीत असतानाच संस्थेने यादीच्या वरच्या भागात एक नवीन घर घातलं होतं. सगळी घरं एकेक जागा खाली सरकली. मधे अक्काच्या फोनातलं पान मेलं, परत उघडलं, आणि माझ्या कोडने त्या बाईच्या, म्हणजे सातव्या घराची उत्तरं सातव्या जागी भरली. फक्त आता त्या जागी आजी होती. नाव वर बारीक अक्षरात. अक्काने भरलेलं पान बघितलं आणि विश्वासाने पाठवून दिलं. पोचल्याची हिरवी खूणही आली.

"अक्का, गाडी येणार नाही," मी म्हणाले. "कुणाला कळलेलंच नाही. मिळेल ते वाहन घे. आत्ताच्या आत्ता."

तिकडून फोन कट झाला.

मी नर्सबाईंना कळवलं आणि स्कूटर काढली. गुंदला भाताची पोती भरलेली एक जीप उभी होती, ती रिकामी करून त्या बाईला आत झोपवलं होतं. मी वाटेत गाठलं तेव्हा जीप थांबलेली होती. तिला आकडी आली होती. सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन, "अव्वा, अव्वा", आई गं, म्हणत ओरडत होती. अक्का तिला कुशीवर वळवत होती. मी काही करू शकले नाही. स्कूटर तिथेच टाकून मागे चढले आणि तिचे पाय धरून बसले. ते इतके सुजले होते की माझी बोटं रुतली.

बाई वाचली. मूल रडलं नाही.

दवाखान्याच्या पायरीवर अक्का म्हणाली, "माझंच चुकलं. वरचं नाव बघाया पायजे व्हतं."

"न्हाई अक्का, माझं चुकलं." मी तिला सगळं उलगडून सांगितलं. तिने मान हलवली, पण पुन्हा तेच म्हणाली.

त्या आठवड्यात मी कोड बदललं. प्रत्येक उत्तर त्या घराच्या कायमच्या नंबराला बांधलं. पान परत उघडलं की मोठ्या अक्षरात नाव येतं आणि विचारलं जातं, हे यांचंच का? सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम. 

महिन्याने त्या बाईच्या घरी गेले. ती ओट्यावर बसली होती. मी सांगितलं ते तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे अक्कानं लिहिलं व्हतं?"

"व्हय. बरोबर लिहिलं होतं. मी केलेल्या फॉर्मने ते दुसरीकडे टाकलं."

"गावात म्हणत्यात, ती इसरली. दोन घरं तिला दारात उभं करीत न्हाईत." तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "मला सांगून काय? त्यांना सांग."

पुढच्या सोमवारी गुंदच्या देवळासमोर बायका जमल्या, तेव्हा मी उभी राहून सांगितलं. स्टेट, फ्रेमवर्क असलं काही नाही. एवढंच, की अक्काने लिहिलेलं माझ्या हातून भलत्या नावावर गेलं. एक म्हातारी म्हणाली, "शिकलेली ना तू?" त्या बाईची सासू उठून निघून गेली.

त्या दोन घरांपैकी एकाचं दार आता अक्काला उघडतं. दुसऱ्याचं नाही. अक्का हल्ली आधी वहीत लिहिते, नावासकट, आणि मग फोनात. मी तिला नको म्हणत नाही.