एका हाताची पेटी

लकव्याने बाबांचा डावा हात गेला, तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला पुष्कळ गोष्टी समजावून सांगितल्या. पेटीचं काय होणार, हे मात्र कुणी सांगितलं नाही. बाबा अकोल्याच्या आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. नोकरी सरकारी कारकुनाची, पण गावात ओळख पेटीवाल्याची. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आठवड्यात ते घरी फक्त जेवायला आणि कपडे बदलायला येत. आता उजवा हात शाबूत होता, पण भाता मारायचा तो डावा मांडीवर नुसता पडून असायचा. हाताच्या व्यायामासाठी मी आई-बाबांना अमरावतीला माझ्याकडे आणलं, तर बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मला ते बघवायचं नाही, आणि बघवत नाही म्हणून रागही यायचा.

कीबोर्डला भाता नसतो, हे लक्षात आल्यावर मी हुरळले. घरात वाजवण्यापुरता, स्वस्तातला एखादा घ्यायचा. मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून मी त्या विषयातली पंडित झाले आणि दोघांना रिक्षात घालून वाद्यांच्या दुकानात घेऊन गेले.

पहिला कीबोर्ड फारच लहान होता. बाबांच्या एका बोटाखाली दोन पट्ट्या यायच्या. दुसरा मोठा, त्यात शेकडो आवाज, पेटीचा आवाजही झकास. मला तोच पसंत पडला. बाबांनी एक ओळ वाजवली आणि थांबले.

"बरा हाय. पण याले दम नाई."

बाजूलाच एक खरी पेटी मांडलेली होती. इतका वेळ गप्प बसलेली आई उठली, पेटीजवळ बसली आणि तिनं भाता मोकळा केला.

"या इकडं. मी भाता मारतो, तुमी वाजवा. एवढे वर्सं पायलंच ना मी."

दुकानदार खूश होऊन हसला. माझे तर डोळेच भरून आले. इतकी साधी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही, असं वाटलं. बाबा जागचे हलले नाहीत.

"आंघोळ तू घालतं," ते म्हणाले. "शर्टाच्या गुंड्या तू लावतं. आता गानं बी तुह्याच हातानं वाजवू का?"

आईनं भाता मिटला, कडी लावली आणि ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिला लागलं होतं, हे मला दिसत होतं. बाबांचं म्हणणंही खोटं नव्हतं. कुणाची बाजू घ्यावी ते मला कळेना.

मग बाबा स्वतःच निवडायला लागले. मोठा कीबोर्ड टेबलावरून उचलायला गेले, तर तो एका हाताला पेलवेना. दुकानदार मदतीला धावला, त्याला त्यांनी नजरेनंच थांबवलं. मग मधल्या आकाराचा एक बघितला. पट्ट्या नेहमीच्या मापाच्या, आवाज मोजकेच, सेलवरही चालणारा. तो त्यांनी काखेत मारला, दोन पावलं चालले, परत टेबलावर ठेवला आणि बटण दाबून सुरू केला.

"हे द्या."

"बाबा, याच्यात पेटीचा आवाज अगदीच पिचका आहे," मी कुरकुरले.

"असू दे. मले उचलता येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी आम्हा दोघींना खोलीबाहेर काढलं. आम्ही स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसलो. आतून थोडी खुडबूड ऐकू आली आणि एकदम ढोल-ताशांचा दणदणाट सुरू झाला. नको ते बटण दाबलं गेलं होतं. बाबांनी कीबोर्डच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दणदणाट काही थांबेना, उलट आणखी जलद झाला.

"काय करून रायले हे," म्हणत आई उठायला लागली. मी तिचा हात धरला. बटण कुठलं ते मला माहीत होतं. आत जाऊन दाबायला क्षण लागला नसता. तरी मी तिला सोडलं नाही आणि स्वतःही उठले नाही. आई अर्धी उठलेली, मी तिला धरून बसलेली आणि आत ढोल वाजतोय, असा बराच वेळ गेला.

मग ढोल बंद झाला. थोड्या वेळानं पेटीचा तो पिचका आवाज आला. जयंतीला बाबा ज्या गाण्यानं सुरुवात करायचे, त्याची पहिली ओळ होती.

आई खाली बसली.

"सापडलं त्यायले," ती म्हणाली, आणि तिनं पदरानं डोळे पुसले.