अकोल्यातले एक्केचाळीस

ताई, मी निघालो त्या सकाळी अकोल्याच्या बसस्टँडवर बाबांनी कंडक्टरपासून शेंगदाणेवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं, "माहं पोट्टं हवेचं गणित कराले जर्मनीले चाललं." गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "तिकडून आमाले इकडचं ऊन सांगत जाजो." तू अमरावतीहून मुद्दाम आली होतीस. आपण दोघं हसलो होतो.

इथं पोस्टडॉक संशोधक म्हणून मी काय करतो, ते तुला कधी नीट सांगितलं नाही. वातावरणाचं मॉडेल म्हणजे नकाशावर आखलेले चौकोन. प्रत्येक चौकोनातलं तापमान, वारा, ओल घ्यायची आणि पुढच्या काही मिनिटांचं गणित करायचं, मग त्यापुढचं. मध्येच एखादा आकडा भलताच चढतो आणि सगळं गणित कोसळतं. कोसळू नये म्हणून तो चढ शेजारच्या चौकोनांत थोडाथोडा वाटून टाकतात. किती वाटायचा, हा माझा विषय.

बाबा वायरमनच्या नोकरीतून रिटायर झाले आणि रोज सकाळी अकोल्याच्या जुन्या शहरातून त्यांचा फोन येऊ लागला. "काय म्हनते तुयं गणित?" मी चाचणीसाठी वऱ्हाडचाच भाग घेतला होता. समोर येईल तो अकोल्याचा आकडा सांगून टाकायचो. तो अंदाज नव्हता ग, नुसता प्रयोग होता. हे त्यांना सांगायचं अनेकदा मनात आलं. पण आम्हा बापलेकांना जन्मात दुसरा विषय सापडला नव्हता. एवढा एक आकडा होता, तोही गेला असता.

मे महिन्यातल्या त्या सकाळी मी एक्केचाळीस सांगितलं. पुण्याच्या माणसाला ऐकूनच घाम फुटेल, पण मे महिन्यात अकोल्यात एक्केचाळीसला गारवा म्हणतात. बाबा खूश झाले. "मंग पोरीकडं जाऊन येतो अमरावतीले." आई म्हणाली, टीव्हीवर छेचाळीस सांगून राहिले, काहून जाता? त्यावर म्हणाले, "टीव्हीवाले नुसते बोलतेत. माहं पोट्टं मोजते."

टीव्हीवाले बरोबर होते. मी वाटप जास्त केलं होतं, चिखलदऱ्याचा गारवा अकोल्यापर्यंत पसरवून ठेवला होता. बाबा डोक्याला दुपट्टा न बांधता भर दुपारी अमरावतीच्या स्टँडवरून तुझ्या घरापर्यंत चालत आले. पुढचं तू पाहिलंस. तिसऱ्या दिवशी ते गेले.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला आई बायांना सांगत होती, "पोरानं सांगतलं होतं ऊन कमी हाये म्हनून. पन यांचं वयच झालं होतं, बाई." मला कुणी दोष दिलाच नव्हता, तरी ती माझी बाजू घेत होती. मी पंगतीत मान खाली घालून जेवलो. जेवण गेलं, याचीच लाज वाटली.

परत येऊन मी ती चूक शोधली, दुरुस्त केली. लेख छापून आला. उदाहरण म्हणून त्यात तोच दिवस आहे: एका चित्रात अकोल्यावरचा लाल डाग पुसलेला, दुसऱ्यात जागेवर. छापण्याआधी लेख तपासणाऱ्यांनी लिहिलं होतं, दिवस उत्तम निवडला आहे. आईने तुझ्या मोबाइलवर ते चित्र पाहिलं, मोठं करून घेतलं आणि बाबांच्या फोटोशेजारी लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते, "यात आपलं अकोला हाये."

त्यानंतर तीनदा तिकीट काढलं आणि तीनदा रद्द केलं. सुट्टी मिळत नाही, असं तुम्हाला सांगितलं. सुट्टी मिळते, ताई.

तो आकडा प्रयोगाचा होता, हे आज पहिल्यांदा तुला सांगतो आहे. तुला राग येईल, येऊ दे, मला तो हवा आहे. आईला तू सांगू नकोस. ते मलाच सांगावं लागेल, तिच्यासमोर बसून. इथले आपल्याकडचे लोक घराची आठवण काढतात, भाकरी, ठेचा, आईच्या हातचं. घर म्हणजे आता मला एवढंच: जिथं माझ्यावर अजून कुणीही रागावलेलं नाही, आणि म्हणूनच जिथं पाय ठेवायची हिंमत होत नाही.