फिल्टरची पूजा

आमच्या गाडीचा एसी चालू केला की आत युरियाचा वास सुटायचा, आणि त्यात गाडीचा काहीच दोष नव्हता.

माझं अमडापूरला कृषी केंद्र आहे. माल पोचवायला टेम्पो परवडत नाही (म्हणजे परवडतो, पण मी चिकट आहे), म्हणून खताची पोती, औषधाचे डबे सारं आमच्याच जुन्या कारमधून फिरतं. वासाचं कुणाला काही नव्हतं. पण आमच्या पल्लवीला मेहकरकडचं स्थळ आलं. पोरापोरीची पसंती होऊन बसली होती, गाडं अडलं होतं मुलाच्या वडिलांपाशी. निवृत्त गुरुजी. काहीही विचारा, उत्तर एकच, "घरी जाऊन कळवतो." रविवारी गुरुजी आणि त्यांच्या सौभाग्यवती एसटीने आमच्याकडे येणार, आणि जेवणं झाली की मी त्यांना गाडीतून शेगावला दर्शनाला नेणार, असं ठरलं.

पल्लवीने मला बजावलं, "बाबा, त्यायले खताच्या वासात नेऊ नका. माह्या लग्नाचा प्रश्न आहे."

वास एसीच्या फिल्टरमध्ये बसतो, असं मोबाईलवर एक पोरगं सांगत होतं. डॅशबोर्डचा कप्पा काढायचा, मागचं झाकण उघडायचं, जुना फिल्टर ओढायचा, नवा सरकवायचा. त्याला जमतं तर मला काऊन जमणार नाही? चिखलीहून नवा फिल्टर आणला. जुना ओढला तर त्यातून सोयाबीनचा भुसा, चिमणीची पिसं आणि उंदराने जपून ठेवलेले शेंगदाणे निघाले. (शेंगदाणे चांगले होते. मी खाल्ले नाहीत, एवढंच सांगतो.)

नवा घालणार, तोच बायको तबक घेऊन आली. आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू हळदकुंकू लागल्याशिवाय वापरात येत नाही. मिक्सर झाला, विहिरीवरची मोटार झाली, एकदा तर माझी कवळी! फिल्टर पाटावर बसला. पण फिल्टर म्हणजे नुसत्या कागदाच्या घड्या. तिने चिमूटभर कुंकू टाकलं, ते घडीत गडप झालं.

"दिसूनच नाही राह्यलं," ती म्हणाली आणि आणखी टाकलं. तेही गेलं. मग हळद, मग पुन्हा कुंकू, वरून मूठभर अक्षता. करंडा पालथा झाला तेव्हा कुठे फिल्टर तिच्या मनासारखा लाल दिसायला लागला. मी जरा झटकून घेऊ म्हटलं, तर पूजेचं कुणी झटकतं काय, म्हणून मलाच झापलं.

फिल्टरच्या कडेला एक बाण छापलेला होता. बाण खाली पाहिजे, ती हवेची दिशा असते, असं पल्लवी सांगत होती. मी डोकं चालवलं. थंड हवा लागते कुठे? तोंडाला. म्हणजे हवा जाते वर. मग बाण खाली कसा? "मले नको शिकवू," म्हटलं आणि फिल्टर उलटा करून बाण वर केला. कुंकवाची बाजू आपोआप खाली गेली, थोडं आत पंख्यावर सांडलं. म्हटलं सांडू दे, पवित्रच आहे. एकदा चालू करून पाहावं, तर पाहुणे दारात.

जेवणात भाजी कशी झाली विचारलं, तर गुरुजींनी नुसती आणखी एक पोळी घेतली. भाजीचंही घरी जाऊन कळवतील असं वाटलं. मग निघालो. गुरुजी माझ्या शेजारी, पांढराशुभ्र कडक सदरा, पांढरी टोपी. मागे दोघी बायका. मे महिन्याचं ऊन. गाव सुटलं तशी गुरुजींनी मान पुसली, आणि मी मोठ्या ऐटीत काचा वर केल्या.

"आता पाहा गुरुजी, आमचा एसी," म्हणालो आणि बटण एकदम शेवटपर्यंत फिरवलं.

आधी पंख्यात अक्षता तडतडल्या. गुरुजींनी ऐकायला मान पुढे केली. पुढे करायला नको होती! भस्सकन लाल-पिवळा लोट आला आणि गाडीत कोण कुठे बसलंय तेच दिसेना. घाबरून मी भलतंच बटण फिरवलं, तर हवा बंद व्हायच्या ऐवजी पायाकडची सुरू झाली आणि गुरुजींचं धोतरही उजळून निघालं. मागून बायको म्हणत होती, "अवं माय, इतकं तं मी टाकलंच नव्हतं." कशीबशी गाडी लिंबाखाली उभी केली. चौघं खाली उतरलो. गुरुजी कपाळापासून पोटापर्यंत लाल, मिशीत दोन अक्षता. पोरीचं लग्न आपण आपल्या हाताने मोडलं, हे मला तिथंच कळून चुकलं.

तेवढ्यात आमच्या दुकानाशेजारचे सायकलवाले रहीमभाई मोटारसायकलवरून आले, थांबले, आणि गुरुजींकडे पाहून त्यांनी माझा हात हातात घेतला. "मुबारक हो भाऊ. लग्नाचा टिळा उरकून टाकला, अन् आम्हाले सांगतलं बी नाही?"

मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी गाडीच्या आरशात स्वतःकडे पाहिलं. मिशीतली एक अक्षता काढून हातावर घेतली.

"कुंकू लागलं, अक्षता पडल्या, गावानंही पाह्यलं," ते म्हणाले. "आता घरी जाऊन काय कळवू? इथंच कळवतो. पसंत आहे."

मागे दोघी बायका तशाच लाल तोंडाने एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी रस्त्यावरच रडलो, आणि डोळे पुसताना हातावरची हळद डोळ्यात गेली म्हणून आणखी रडलो.

लग्न पुढच्या महिन्यात आहे. मानपान नाही, देणंघेणं नाही. मुलाकडच्यांची मागणी एकच आहे : नवरदेवाच्या गाडीला मुलीच्या बापाने हात लावायचा नाही.